फळ न सांगितलेले पुराण

धारवाडच्या मळमड्डीत त्या काळी दिवसाचा शेवट प्राणदेवाच्या, म्हणजे मारुतीच्या, देवळात होत असे. कचेरीतून परतलेले कारकून, शाळामास्तर, पेन्शनीत निघालेले मामलेदार पाय धुऊन देवळात येत. स्त्रिया वातींचा कापूस घेऊन खांबांच्या पलीकडे बसत. मग बाळाचार्य समई थोडी जवळ ओढून पोथी सोडत. त्यांचा आवाज मोठा नव्हता. मूळ श्लोक संस्कृतात, अर्थ मराठीत, आणि मागून एखाद्या आजीबाईंनी “एनु?” असे विचारले तर तेवढेच वाक्य पुन्हा कन्नडात, असा त्यांचा क्रम असे. कोणाला त्यात काही वेगळे वाटत नसे, कारण घरोघरी बोलणे असेच चाले. मी तेव्हा कॉलेजात शिकत होतो आणि आचार्यांच्या घराच्या बाहेरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. आज त्या संध्याकाळी आठवल्या की प्रथम आठवते ती सर्वांची निश्चिंतता. जगात काय बिघडले आहे ते पोथीत लिहिलेले आहे आणि ते शेवटी नीट होते, अशी त्या सभामंडपाची खात्री होती.

या खात्रीचा आधार म्हणजे फळ. पुराणाचा सप्ताह कोणीतरी लावत असे; मुलाच्या मुंजीनिमित्त, आजारातून उठल्यावर, क्वचित कोर्टातल्या निकालासाठी. समाप्तीच्या दिवशी पुराण लावणारा सपत्नीक पाटावर बसे. आचार्य त्याचे नाव आणि गोत्र उच्चारून या श्रवणाचे फळ काय ते सांगत आणि सर्वांना मंत्राक्षता देत. सातही दिवस न फिरकलेली माणसे त्या घटकेला हमखास हजर असत. पुराण चुकले तरी चालेल, फळ चुकू नये, असा एकंदर समज होता. बाळाचार्यांचे आजोबा, मग वडील, मग ते स्वतः, असे हे आसन चालत आले होते. ते कोणी त्यांना दिले नव्हते, म्हणून कोणी काढून घेईल असेही कोणाच्या मनात आले नव्हते.

सन १९२५ च्या सुमारास मिशनच्या बंगल्यात एक वृद्ध स्विस पाद्री राहत असत. त्यांना चांगले मराठी आणि थोडे संस्कृत शिकायचे होते. बाळाचार्य सकाळी तिकडे जाऊ लागले. ते व्हरांड्यात बसत, पाणी घेत नसत आणि घरी परतल्यावर स्नान करून मगच चुलीच्या बाजूला फिरकत. त्यांच्या पत्नी गोदावरीबाई यांना हा उद्योग पसंत नव्हता. “दोनदा आंघोळ करायची हौस असेल तर विहीर घरात आहे, त्यासाठी पाद्र्याकडे कशाला जायला हवं?” असे त्या म्हणत. पण त्यांनी जाणे अडवले नाही.

शिकवण्यासाठी पाद्रीसाहेबांनी आपल्याच धर्मग्रंथातील इब्री, म्हणजे जुन्या यहुदी, संदेष्ट्यांची प्रकरणे निवडली. त्यांचे जुने मराठी भाषांतर वाचायचे आणि ते कोठे अडखळते हे आचार्यांनी सांगायचे. आचार्यांनी पहिल्या दिवशी संदेष्टे म्हणजे ज्योतिषी समजून ग्रहांचा उल्लेख शोधला. तो मिळेना, तेव्हा हे ऋषी असावेत, शाप देतात त्या अर्थी तपस्वी असावेत, असे त्यांनी ठरवले. पण यिर्मया नावाच्या संदेष्ट्यापाशी आल्यावर हाही हिशेब जुळेना. या माणसाने तप केले नव्हते. त्याने देवाकडे काही मागितले नव्हते. देवच त्याला स्वतःच्या लोकांकडे, त्यांचे काय चुकते आहे ते सांगायला धाडत होता. मी लहान आहे, मला बोलता येत नाही, असे तो प्रथमपासून सांगत होता. आणि देव ते ऐकून घेत नव्हता.

त्या व्हरांड्यातील बोलणी आचार्य घरी येऊन जशीच्या तशी सांगत. एकदा पाद्रीसाहेबांनी त्यांना त्यांच्या पुस्तकी मराठीत विचारले, “आचार्य, हा मनुष्य देवाशी कलह करतो. तू मला फसविलेस असे म्हणतो. हे आपणास विचित्र वाटत नाही काय?”

“भांडणं आमच्याकडेही आहेत, साहेब. आमचे भक्त देवावर रुसतात, त्याला नाही नाही ते बोलतात. पण शेवटी देव समजूत काढायला येतो. तुमच्या यिर्मयाची समजूत कोणी काढत नाही.”

“देव त्याला म्हणतो, मी तुझ्यासंगती आहे.”

“म्हणतो खरा. आणि लगेच पुढचं काम सांगतो.”

पाद्रीसाहेब इतके हसले की आतून त्यांचा स्वयंपाकी काय झाले म्हणून बघायला आला.

आचार्यांचे आजोळ अळणावरच्या बाजूला, जंगलाच्या कडेला होते. तिथे दौऱ्यावरच्या सरकारी साहेबाचा मुक्काम हलायचा असला की पाटलाचा माणूस सकाळी दारात उभा राही आणि जो पहिला दिसेल त्याच्या डोक्यावर तंबूचे ओझे चढे. पेरणी असो, घरात बाळंतीण असो, पुढच्या मुक्कामापर्यंत जावेच लागे. सामानात काय आहे हे त्या माणसाला ठाऊक नसे. आचार्यांनी लहानपणी हे पाहिले होते. “आमचे ऋषी तपाच्या बळावर देवाला वेठीला धरतात,” ते पाद्रीसाहेबांना म्हणाले, “इंद्राचं आसन डळमळतं. इथं देवानं माणसाला वेठीला धरलं आहे. गप्प बसायचं ठरवलं तर म्हणे हाडांत विस्तव कोंडल्यासारखं होतं. म्हणजे ओझं खाली ठेवायचीसुद्धा सोय नाही.”

“परंतु त्यात प्रीती आहे, आचार्य.”

“असेल. ओझं आधी दिसतं.”

जीव परतंत्र आहे, हरीच्या इच्छेवाचून तो हलत नाही, हे माध्व मताचे पहिले वाक्य आचार्य आयुष्यभर व्यासपीठावरून सांगत आले होते. त्या वाक्याचे वजन आपल्याला परक्यांच्या व्हरांड्यात कळले, असे ते मला एकदा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात आनंद नव्हता, काहीशी भीती होती.

देवळात त्यांनी यातले अवाक्षर काढले नाही. घरी मात्र जेवताना यिर्मया येऊ लागला. देवाने त्याला लग्नही करू दिले नाही, हे ऐकून गोदावरीबाई वाढता वाढता थांबल्या.

“बरं केलं देवानं. एका बाईचा तरी जन्म वाचला.”

आचार्य हसले, पण घास हातातच राहिला.

पुढच्या वर्षी नवरात्र संपते न संपते तोच उंदीर पडू लागले. प्लेग धारवाडला नवा नव्हता. घरात मेलेला उंदीर दिसला की कुलूप लावायचे आणि गावाबाहेर माळावर झोपड्या घालून थंडी संपेपर्यंत राहायचे, हे सर्वांच्या अंगवळणी पडले होते. मळमड्डीची मंडळी देवळाच्या मालकीच्या माळावर जात. वरच्या अंगाला आमच्या झोपड्यांच्या ओळी पडत. खालच्या अंगाला, ओढ्याकाठी, लाकडाच्या वखारींत आणि रेल्वेच्या कामावर असलेली, अळणावरकडून आलेली मजूर कुटुंबे राहत. दोन्हींमध्ये अंतर असे आणि ते अंतर सर्वांना मान्य होते. पण माळ एकच होता. उत्सवमूर्तीसाठीही एक झोपडी घालत, आणि देव आपल्यासारखाच उघड्यावर आला आहे याचा लोकांना मोठा धीर वाटे.

त्या वर्षी वरची आणि खालची ओळ यांना वेढणारे बाभळीच्या काट्यांचे कुंपण उभे राहिले आणि खालच्या अंगाला कोणालाही येऊ द्यायचे नाही असे ठरले. ठरवणारे विठ्ठलराव वकील हे देवळाचे मुख्य पंच होते. त्यांच्याविषयी लिहिताना न्याय सोडू नये असे मला वाटते. आजारी माणसाला हात लावायला लोक धजत नसत तेव्हा त्यांनी स्वतःच्या टांग्यातून कित्येकांना दवाखान्यात पोचवले होते. मागल्या साली पहिली लागण खालच्या ओळीत झाली आणि ती वर आली, त्यात त्यांची धाकटी भावजय गेली. त्यांनी आपल्या परीने आरोग्याचा विचार केला होता. त्या विचाराचा परिणाम एवढाच होता की मजूर कुटुंबांना उंदीर पडलेल्या खोल्यांतच राहावे लागले, कारण दुसऱ्या कोठल्या माळावर पाणी नव्हते.

तानूबाई ही आचार्यांच्या अंगणात सारवायला आणि शेणी थापायला येणारी बाई. ती एक दिवस कुंपणाबाहेरून हाक मारू लागली. आचार्य आणि मी तिकडे गेलो.

“अप्पा, देवालाबी झोपडी घातली म्हनं?”

“घातली, तानू.”

“बेस केलं. आमची पोरं तेवढी घरात हाईत. खाली रान मोकळं पडलंय, मधी काटं हाईत.”

“विठ्ठलरावांना सांगून बघतो.”

“सांगा की. तुमी सांगितल्यालं देव ऐकतोय म्हनत्यात. मानूस ऐकतोय का बगू.”

आचार्य तडक विठ्ठलरावांच्या झोपडीत गेले. विठ्ठलराव त्यांची वाटच पाहत होते. माळावर सप्ताह लावायचा, यजमान ते स्वतः, आणि संकल्प आरोग्याचा, असे त्यांनी पक्के केले होते. आचार्यांनी कुंपणाचा विषय काढला.

“आचार्य, हा पुराणाचा प्रश्न नाही, आरोग्याचा आहे.”

“आजवर ते खाली राहतच होते.”

“आणि त्याचं काय झालं ते मी पाहिलं आहे. माझ्या घरातून तिरडी गेली. लोक घाबरले आहेत. तुम्ही सप्ताह सांगा, समाप्तीला असं फळ सांगा की यांच्या जिवात जीव येईल. ते तुमचं काम.”

“आणि कुंपण?”

“ते माझं.”

सप्ताह सुरू झाला. इतके एकाग्र पुराण मी पूर्वी ऐकले नव्हते. भीतीने माणसे जवळ सरकून बसत. पलीकडच्या अंधारात ओढ्याचा आवाज येई. पण मजुरांच्या वस्तीतून निघणाऱ्या तिरड्यांची वाट कुंपणाच्या कडेने होती. तिरडी आली की आचार्य वाचणे थांबवत आणि ती दिसेनाशी झाल्यावर पुढचा श्लोक घेत. पहिल्या दिवशी या थांबण्याने लोक हेलावले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पंचांपैकी एकाने, “आचार्य, असं अडखळत वाचलं तर समाप्ती वेळेवर कशी व्हायची?” असे हलक्या आवाजात सुचवले. आचार्यांनी मान डोलावली आणि पुढच्या तिरडीला पुन्हा थांबले.

समाप्तीच्या सकाळी गोदावरीबाई अक्षतांसाठी तांदूळ निवडत होत्या. मी शेजारीच चहा घेत होतो. आचार्य संध्या आटोपून आले आणि त्यांच्यासमोर नुसते बसून राहिले.

“तुमच्या मनात काय आहे ते दिसतंय मला,” बाई मान वर न करता म्हणाल्या. “तोच तो. बिनलग्नाचा.”

आचार्यांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

“त्याचं सोपं होतं. त्याला घरात कोणाला विचारायचं नव्हतं.”

“म्हणून तुला विचारायला बसलो आहे.”

“विचारून काय होणार? सांगवणार आहे का तुमच्याच्यानं ते फळ?”

“नाही सांगवत.”

बाईंनी सुपातल्या तांदळाकडे पाहिले. मग त्यातले निम्मे त्यांनी परत डब्यात ओतले. “इतके कशाला नासायचे मग,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. डब्याचे झाकण मात्र त्यांना दोनदा लावावे लागले.

त्या संध्याकाळी अवघा माळ मंडपात लोटला होता. विठ्ठलराव पत्नीसह पाटावर बसले. शेवटचा अध्याय संपला. आचार्यांनी विठ्ठलरावांचे गोत्र उच्चारले, नाव उच्चारले आणि ते थांबले. घसा बसला असेल असे वाटून कोणी पाण्याचे भांडे पुढे केले. आचार्यांनी ते बाजूला ठेवले.

“घसा ठीक आहे. मला फळ सांगता येत नाही. खालच्या अंगाला पाणी आहे, जागा आहे, आणि माणसं घरात मरत आहेत. ते कुंपण असेपर्यंत या मंडपात आरोग्याचं फळ उच्चारलं तर ते खोटं होईल. आजवर मी खोटं फळ सांगितलं नाही असं नाही. मला तेव्हा कळत नव्हतं.”

क्षणभर कोणाला अर्थ लागला नाही. प्लेगच्या दिवसांत पुराण अर्धे सुटणे यासारखे अशुभ दुसरे नव्हते. स्त्रियांच्या बाजूने एका आजींचा रडवेला आवाज आला, “अय्यो, आचार्रे, फल हेळ्री!” मग आणखी दोघीतिघींनी तेच म्हटले, फळ सांगा, फळ सांगा. मला त्या वेळी आचार्यांच्या मुद्रेवर कोठलेही तेज दिसले नाही. मार खाणाऱ्या माणसासारखे ते पोथीवर हात ठेवून बसले होते.

विठ्ठलराव शांतपणे म्हणाले, “देवाची आज्ञा झाली वाटतं तुम्हाला?”

“नाही, विठ्ठलराव. मला कोणी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं. त्याच्यावर ढकलता आलं असतं.”

एवढे बोलून त्यांनी पोथी बांधली. अक्षतांचे ताट तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी विठ्ठलरावांनी हुबळीहून प्रभंजनाचार्य नावाच्या तरुण पुराणिकांना आणवले. त्यांनी शेवटचा अध्याय पुन्हा वाचला, फळ सविस्तर सांगितले आणि भरभरून अक्षता वाटल्या. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यानंतर काही दिवसांनी ओढ्याच्या बाजूचे काटे एका ठिकाणी ओढून टाकलेले दिसले आणि खालच्या अंगाला एकेक झोपडी उभी राहू लागली. तानूबाई मुलांना घेऊन आली. काटे कोणी काढले ते समजले नाही. विठ्ठलराव रोज त्या बाजूला फिरायला जात. त्यांनी ते पाहिले आणि वाट बुजवायला सांगितले नाही. त्यांनीच आपल्या गड्याकडून काढवले असे काही म्हणत. त्यांनी स्वतः हो किंवा नाही कधीच म्हटले नाही. माघात ऊन तापू लागले तशी साथ दरवर्षीप्रमाणे ओसरली, आणि प्रभंजनाचार्यांच्या फळाची कीर्ती झाली.

बाळाचार्यांचे आसन गेले. त्यासाठी सभा भरली नाही की ठराव झाला नाही. पुढच्या चातुर्मासात व्यासपीठावर प्रभंजनाचार्य बसले, इतकेच. आचार्य बाटले, पाद्र्याने त्यांना फिरवले, अशी बोलवा मळमड्डीत पसरली. गंमत अशी की ती पाद्रीसाहेबांच्या कानावर जाताच तेही त्याच भ्रमात पडले. एका सकाळी ते आपण होऊन आचार्यांच्या दारी आले. त्यांचे डोळे ओलावले होते.

“आचार्य, आपण माझ्या प्रभूचे कार्य केले. आता आपण दूर का राहावे?”

“साहेब, यिर्मयाने धर्म बदलला होता का?”

पाद्रीसाहेब ओट्यावर टेकले.

“तो आपल्याच देवळाच्या दारात उभा राहिला आणि आपल्याच माणसांना बोलला. मला त्याच्याकडून तेवढंच घेता आलं. त्याच्या देवाशी माझी ओळख नाही. माझ्या देवाशी आहे असं वाटत होतं, तेही आता नक्की सांगवत नाही.”

वृद्ध पाद्री उठले आणि बंगल्याकडे परतले. त्यांच्या मोठेपणाची खूण ही की दुसऱ्या दिवशी त्यांनी नेहमीच्या वेळी पाठ घेतला, आणि हा विषय पुन्हा कधीही काढला नाही.

समाजशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी पुढे पुष्कळ वाचले. पुराणिकाचे आसन समाज निर्माण करतो आणि तोच ते राखतो. संदेष्ट्याला आसन नसते. तो देवाचा लाडका असतो अशी आपली समजूत आहे, पण त्या प्राचीन इब्री माणसांचे बोलणे नीट ऐकले तर त्यात सलगीपेक्षा जाचच अधिक ऐकू येतो. हे मला ग्रंथांतून कळले ते नंतर. आधी मी ते एका गृहस्थाश्रमी माणसाच्या चेहऱ्यावर पाहिले होते, आणि त्याला तर देवाचा शब्दही ऐकू आलेला नव्हता.

आचार्य त्यानंतर पुष्कळ वर्षे जगले. मुलांना घरी संस्कृत शिकवत. मी नोकरीनिमित्त पुण्यास गेलो तरी सुट्टीत मळमड्डीस येत असे. दुसरे महायुद्ध सुरू असतानाच्या एका श्रावणात आलो, तेव्हाही संध्याकाळी ते देवळात होते. व्यासपीठावर नव्हे; मागे, चपला काढून ठेवतात त्या पायरीलगत, श्रोत्यांच्या शेवटच्या ओळीत. प्रभंजनाचार्य आता प्रौढ झाले होते, पण बाळाचार्य समोर असले की त्यांची नजर अजून तिकडे जाई. त्या दिवशी ते एका श्लोकाचा दुसरा चरण विसरले, आणि मागून तो चरण हळूच पुढे सरकवला गेला. प्रभंजनाचार्यांनी तो न अडखळता उचलला.

त्या दिवशी एका व्यापाऱ्याने लावलेल्या पुराणाची समाप्ती होती. यजमानाला दीर्घायुष्य, अवर्षण टळणे, रणावर गेलेल्या पुतण्याचे सुखरूप परतणे, असे फळ सांगितले गेले. अक्षता आल्या. बाळाचार्यांनी दोन्ही हात पुढे करून त्या घेतल्या, डोळ्यांना लावल्या आणि मस्तकावर टाकल्या.

बाहेर आल्यावर मला राहवले नाही. “आचार्य, ज्या फळासाठी तुमचं आसन गेलं तेच तुम्ही हात पसरून घेता?”

“तुला हनन्याची गोष्ट सांगितली नव्हती का?” ते म्हणाले. “यिर्मयाच्या काळी हनन्या नावाचा दुसरा एक संदेष्टा होता. त्यानं देवळात सर्वांसमोर सांगितलं, दोन वर्षांत संकट टळेल, नेलेली माणसं परत येतील. लोकांना अगदी हवं ते फळ. यिर्मयाला ठाऊक होतं की असं होणार नाही. तो काय म्हणाला असेल?”

“खोटं आहे, म्हणाला असेल.”

“ते नंतर. आधी म्हणाला, तथास्तु. देव तसंच करो.” आचार्यांनी अंधारात पायाने चपला चाचपल्या. “त्या पोराचं पुतणेपण खरं आहे, त्याच्या काकूचं रडणं खरं आहे. तो परत यावा असं मला वाटत नाही का? मला सांगवत नाही, एवढंच. दुसऱ्यानं सांगितलं तर तथास्तु म्हणायला काय हरकत आहे?”

“आणि तथास्तु म्हटल्यावर यिर्मयानं काय केलं?”

“काही नाही. घरी निघून गेला.”

एक चप्पल मिळाली, दुसरी कोणाच्या तरी जोड्याखाली गेली होती. ती सापडल्यावर आचार्य म्हणाले, “चल, ही जेवायची थांबली असेल,” आणि चालू लागले.